राखणीच्या कुत्र्यांचे छातीचे रोग

शेत, खळे, गोठा, वस्ती आणि मेंढ्यांचा कळप यांची राखण करणाऱ्या कुत्र्यांच्या श्वासनाल, श्वासनलिका, फुप्फुसे व फुप्फुसांवरील आवरण (परिफुप्फुस) यांना होणाऱ्या संसर्गजन्य रोगांना सामान्यतः छातीचे रोग म्हणतात. साधा खोकला, श्वासनलिकाशोथ (श्वासनलिकांची दाहयुक्त सूज), फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), परिफुप्फुसात पू साचणे आणि डिस्टेंपर या व्हायरसजन्य रोगातील श्वसन तंत्राचा (संस्थेचा) विकार यांचा त्यांत समावेश होतो. या रोगांच्या ज्ञानाचा इतिहास दोन कारणांनी लक्षणीय आहे. खोकला हे एकच लक्षण अनेक निरनिराळ्या कारणांच्या शेवटी दिसत असल्याने मूळ कारण वेगळे करण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, हे पहिले कारण होय. दुसरे असे की, हे ज्ञान मुख्यत्वे श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांच्या निमित्ताने मिळाले; शेतावर राबणाऱ्या कुत्र्यापर्यंत ते फार उशिरा आणि अपुरे पोहोचले. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत या उणिवेचा संबंध केवळ कुत्र्याच्या जीविताशी नसून वन्य प्राण्यांच्या आरोग्याशीही येतो.

जुन्नर परिसरातील राखणीचा कुत्रा : जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव पुणे-नाशिक महामार्गालगत वसले आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी येथे असल्यामुळे वारकरी संप्रदायात हे गाव सुपरिचित आहे. गावाजवळच्या आळेफाटा येथे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना छेदतात. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला व भरपूर पावसाचा आहे, तर आळे, बेल्हे, आणे हा पूर्वेकडील भाग तुलनेने कमी पावसाचा आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व आंबेगाव तालुक्यातील डिंभे या धरणांमुळे परिसरात ओलिताची शेती वाढली. ऊस, कांदा व भाजीपाला यांचे क्षेत्र विस्तारले. पाण्यामागोमाग माणसे गावठाण सोडून मळ्यांत राहू लागली आणि विखुरलेल्या वस्त्यांवर रात्रीची राखण करणारा कुत्रा घरोघरी आवश्यक ठरला.

मेंढपाळांच्या कुत्र्याचे काम याहून कष्टाचे असते. पूर्वेकडील अवर्षणप्रवण प्रदेशातील धनगर मेंढपाळ पावसाळा संपल्यावर कळप घेऊन पश्चिमेकडे सरकतात. काही घाट उतरून कोकणात जातात. पिके निघालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसविल्या जातात. रात्री मेंढ्या वाघरीत (जाळीच्या कुंपणात) असतात. माणसे पालापाशी असतात आणि कुत्री मात्र वाघरीबाहेर, दवात व थंडीत जागी असतात. लांडगा, तरस, बिबट्या व चोर यांची चाहूल प्रथम त्यांनाच लागते. वाटेत गावोगावच्या कुत्र्यांशी त्यांचा संबंध येतो, मेलेल्या जनावरांच्या मांसावर ती एकत्र येतात, बाजाराच्या गावी त्यांची गाठ अनोळखी कुत्र्यांशी पडते. थंडी स्वतः रोग उत्पन्न करीत नाही. परंतु श्रम, उपासमार, जंत आणि थंडी यांनी दुबळ्या झालेल्या शरीरात अशा भेटींतून आलेला संसर्ग सहज मूळ धरतो.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : भारतात पशुचिकित्सेची परंपरा जुनी आहे. अश्वचिकित्सेत शालिहोत्र आणि गजचिकित्सेत पालकाप्य यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना कुत्र्यांचाही विचार केलेला आहे. तेथे कुत्रा येतो तो शिकारीचा सोबती म्हणून. घोडा व हत्ती ही राजसत्तेची साधने असल्याने त्यांच्या चिकित्सेचे शास्त्र बनले. शेतकऱ्याचा कुत्रा मात्र परंपरागत घरगुती उपायांवरच अवलंबून राहिला. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मानाचे स्थान आहे व त्याचे भक्त स्वतःस वाघ्या म्हणवितात. तथापि या मानातून चिकित्सेची वेगळी परंपरा निर्माण झाली नाही. हळद, ओवा, अडुळसा यांसारखी माणसांसाठी वापरली जाणारी औषधे जनावरांनाही दिली जात. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा गुराढोरांप्रमाणे इतर जनावरांच्या बाबतीतही होती. छातीच्या रोगात डागण्याचा कोणताही उपयोग होत नाही. उलट जखम चिघळून जनावर अधिक क्षीण होते.

निदानाच्या साधनांचा विकास : छातीच्या आत काय चालले आहे हे बाहेरून ओळखण्याच्या पद्धती प्रथम मानवी वैद्यकात विकसित झाल्या. व्हिएन्नातील वैद्य लेओपोल्ट औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून रोग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हवेने भरलेल्या फुप्फुसावर पोकळ, तर घट्ट झालेल्या किंवा द्रवाने वेढलेल्या फुप्फुसावर बद्द आवाज येतो, हे तिचे तत्त्व होय. फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावला व १८१९ मध्ये श्वासध्वनींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १८९५ मध्ये व्हिल्हेल्म रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर छातीचे छायाचित्र घेणे शक्य झाले. ही तिन्ही साधने पुढे पशुवैद्यकात आली. कुत्र्यावर त्यांचा उपयोग करताना एक अडचण नेहमी येते : माणसाप्रमाणे त्याला दीर्घ श्वास घेण्यास सांगता येत नाही आणि घाबरलेला कुत्रा धापा टाकू लागला की, श्वासध्वनी नीट ऐकू येत नाहीत. त्यामुळे दुरून, कुत्रा शांत असताना केलेले निरीक्षण हा निदानाचा पाया राहिला.

डिस्टेंपरचा शोध : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७६० नंतर, यूरोपातील कुत्र्यांत एका घातक साथीच्या रोगाचा झपाट्याने प्रसार झाला. ताप, डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव, खोकला, हगवण आणि शेवटी झटके अशी लक्षणे असणारा हा रोग डिस्टेंपर या नावाने ओळखला जाऊ लागला. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये त्याचे वर्णन करून तो संसर्गजन्य असल्याचे आणि अलर्क रोगाहून (पिसाळण्याहून) भिन्न असल्याचे दाखविले. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. डिस्टेंपरमध्ये झटके येऊन तोंडाला फेस आलेला कुत्रा पिसाळलेला समजून मारला जातो, तर उलटपक्षी खरोखर पिसाळलेल्या कुत्र्याच्या घशात हाड अडकले आहे अशा समजुतीने तोंडात हात घालणारा माणूस प्राणास मुकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मजंतुशास्त्राची प्रगती झाल्यावर डिस्टेंपरचा जंतू शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९०५ मध्ये फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी रोगी कुत्र्याच्या नाकातील स्राव सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून घेतला व त्या गाळिवानेही रोग होतो असे दाखविले. याचा अर्थ रोगकारक हा सूक्ष्मजंतूपेक्षा लहान व्हायरस होता. तथापि हे मत लगेच मान्य झाले नाही. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील एन. एस. फेरी व ब्रिटनमधील जे. पी. मॅगोवन यांना आजारी कुत्र्यांच्या श्वसनमार्गात एक दंडाकार सूक्ष्मजंतू वारंवार सापडला व तोच डिस्टेंपरचे कारण मानला गेला. आज तो बोर्डेटेल्ला ब्राँकिसेप्टिका या नावाने ओळखला जातो. माणसातील डांग्या खोकल्याचा जंतू त्याच प्रजातीतील आहे. पुढे जवळजवळ पंधरा वर्षे या सूक्ष्मजंतूपासून केलेल्या लसी डिस्टेंपरवर वापरल्या गेल्या व अयशस्वी ठरल्या.

हा वाद मिटविण्यास शिकारीचा छंद कारणीभूत झाला. ब्रिटनमध्ये शिकारी कुत्र्यांचे मोठे ताफे या रोगाने नष्ट होत असल्याने द फील्ड या साप्ताहिकाच्या पुढाकाराने १९२३ मध्ये निधी उभारण्यात आला. त्यातून पॅट्रिक लेडलॉ व जी. डब्ल्यू. डंकिन यांनी लंडनजवळील मिल हिल येथे संशोधन केले. आधी संसर्ग झालेला नाही अशी खात्री असलेली कुत्री मिळावीत म्हणून त्यांनी बाहेरच्या जगापासून पूर्णपणे विलग अशा आवारात त्यांची पैदास केली. आत जाणाऱ्या सेवकांनाही स्नान करून कपडे बदलावे लागत. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी या व्हायरसाला अत्यंत संवेदनशील असल्याने प्रयोगांत त्याचा उपयोग झाला. १९२६ ते १९२८ या काळात त्यांनी कारे यांचे मत निर्विवाद सिद्ध केले व पहिली परिणामकारक लस तयार केली. याच प्रयोगशाळेत फेरेटांच्या अनुभवाच्या आधारे १९३३ मध्ये माणसातील इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस प्रथम वेगळा करण्यात आला. अशा रीतीने कुत्र्यांच्या छातीच्या रोगाचे संशोधन मानवी वैद्यकासही उपकारक ठरले. नंतरच्या काळात फेरेट, कोंबडीचे अंडे व ऊतकसंवर्धन यांत वाढवून सौम्य केलेल्या जिवंत व्हायरसाच्या लसी प्रचारात आल्या.

या संशोधनाने सूक्ष्मजंतूंचे महत्त्व नाहीसे झाले नाही, तर त्यांची जागा निश्चित झाली. डिस्टेंपरचा व्हायरस रोगप्रतिकारक कोशिकांचा (पेशींचा) नाश करतो आणि श्वसनमार्गाचे अस्तर दुबळे करतो. त्यानंतर घशात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे सूक्ष्मजंतू फुप्फुसात उतरतात व फुप्फुसशोथ उत्पन्न करतात. व्हायरस दार उघडतो आणि सूक्ष्मजंतू आत शिरतात. फेरी यांना सापडलेला जंतू खराच होता, परंतु पहिला शत्रू तो नव्हता.

भारतातील पशुवैद्यक व पुण्याचा संबंध : मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचा कुत्र्यांच्या रोगांवरील इंग्रजी ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्टेंपरचा व्हायरस माहीत होण्यापूर्वीच्या या काळात उपचार म्हणजे ऊब, वाफारा, पौष्टिक पेय आणि शुश्रूषा असेच मुख्यतः होते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुणे येथे इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व आल्फ्रेड लिंगार्ड यांची तेथे नियुक्ती झाली. पुढे इज्जतनगर येथे विस्तारलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे हे मूळ रूप होय. घातक जंतूंवरील काम लोकवस्तीपासून दूर व्हावे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली.

या प्रयोगशाळेचे प्रमुख उद्दिष्ट गुरांच्या बुळकांडी (रिंडरपेस्ट) रोगाचा अभ्यास हे होते. बुळकांडी, माणसातील गोवर, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग आणि कुत्र्यातील डिस्टेंपर या सर्वांचे व्हायरस एकाच प्रजातीतील आहेत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. त्यांच्यातील साम्य इतके निकटचे आहे की, एके काळी पिलांना डिस्टेंपरपासून तात्पुरते संरक्षण देण्यासाठी गोवराची लस वापरली जात असे. तथापि या भावंडांच्या वाट्याला आलेले लक्ष सारखे नव्हते. बुळकांडीविरुद्ध देशव्यापी मोहिमा झाल्या व २०११ मध्ये जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. पीपीआर भारतात १९८७ मध्ये प्रथम आढळला व त्यावरही लसीकरणाच्या योजना सुरू झाल्या. डिस्टेंपर मात्र मालकाने आपल्या खर्चाने टाळावयाचा रोग राहिला. मेंढपाळाच्या कळपाला पीपीआरची लस मिळते, परंतु त्याच कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस बहुधा मिळत नाही.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण भागातील अनेक पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे आले. दुग्धव्यवसायाच्या वाढीबरोबर या दवाखान्यांचे काम मुख्यतः गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्याभोवती केंद्रित झाले. कुत्र्यांच्या बाबतीत माणसाच्या जीवितास धोका असल्याने अलर्क प्रतिबंधक लसीला स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळाला. छातीच्या क्ष-किरण तपासणीची सोय मोठ्या शहरांत व सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांत मिळते.

खोकल्याची इतर कारणे : कुत्र्याचा प्रत्येक खोकला डिस्टेंपरचा नसतो, हे १९६० नंतर अधिक स्पष्ट झाले. १९६१ मध्ये कॅनडात खोकणाऱ्या कुत्र्यांपासून एक ॲडिनोव्हायरस आणि १९६७ मध्ये अमेरिकेत पॅराइन्फ्ल्यूएंझा व्हायरस वेगळा करण्यात आला. १९७० नंतरच्या दशकात बोर्डेटेल्ला हा सूक्ष्मजंतू एकटाही खोकला उत्पन्न करू शकतो असे प्रयोगांनी सिद्ध झाले. तो श्वासनालेच्या अस्तरावरील केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिकांना चिकटतो व श्वसनमार्ग झाडून काढण्याची त्यांची क्रिया बंद पाडतो. अनेक कुत्री एकत्र ठेवल्यास पसरणाऱ्या, पश्चिमेत ‘केनेल कॉफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोकल्याचे कारण या सर्वांच्या संयोगात आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील शर्यतीच्या कुत्र्यांत घोड्यांकडून आलेल्या इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाची साथ आढळली.

शेतावरील कुत्र्यांत आणखी काही कारणे विशेष विचारात घ्यावी लागतात. (१) डोके वर धरून बळजबरीने तेल, दूध वा काढा पाजल्यास तो श्वासनालेत उतरून फुप्फुसशोथ होतो. घरगुती उपचारातून उद्‌भवणारा हा रोग मूळ रोगापेक्षा घातक ठरू शकतो. (२) कुसळी गवताची टोकदार कुसळे श्वासाबरोबर आत गेल्यास ती फुप्फुसातून परिफुप्फुसात सरकतात व तेथे पू साचतो. माळरानात काम करणाऱ्या कुत्र्यांत हा विकार अनेक देशांत आढळला आहे. (३) बिबट्याच्या वा दुसऱ्या कुत्र्याच्या दातांनी छातीला पडलेले भोक बाहेरून लहान दिसले, तरी आत संसर्ग खोल पोहोचलेला असतो. (४) डासांमार्फत पसरणारे हृदयकृमी फुप्फुसाच्या रोहिण्यांत राहून जुनाट खोकला उत्पन्न करतात. (५) घरातील क्षयरोगी माणसाकडून कुत्र्यास क्षयरोग होऊ शकतो.

निदान : प्रयोगशाळा दूर असलेल्या ठिकाणी पुढील भेद उपयोगी पडतात. साध्या संसर्गजन्य खोकल्यात खोकला कोरडा, घोगरा व उबळीचा असतो, शेवटी ओकारी आल्यासारखे होते. परंतु कुत्रा खातो, हिंडतो व त्यास बहुधा ताप नसतो. गळ्याजवळ श्वासनाल हलकेच दाबल्यास खोकल्याची उबळ येते. हा विकार सामान्यतः एकदोन आठवड्यांत बरा होतो. फुप्फुसशोथात खोकला ओला व दबका असतो, कुत्रा अन्न सोडतो, कळपामागे राहतो, ताप चढतो व श्वासोच्छ्‌वास जलद होतो. निरोगी कुत्र्याचे गुदद्वारातील तापमान सु. ३८.३° ते ३९.२° से. असते आणि विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला १० ते ३० वेळा श्वास घेतो. सावलीत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास सतत तिसापेक्षा अधिक असणे हे धोक्याचे चिन्ह समजतात. कोपरे बाहेर काढून, मान लांबवून बसणे, आडवे होण्यास नकार देणे आणि हिरड्या निळसर होणे ही प्राणवायूच्या अभावाची लक्षणे होत. स्टेथॉस्कोपने ऐकल्यास छातीच्या खालच्या व पुढच्या भागात कुरकुर आवाज येतो. परिफुप्फुसात पू असल्यास तेथे आवाजच ऐकू येत नाही.

डिस्टेंपरमध्ये ताप चढतो, दोनचार दिवसांत उतरतो व पुन्हा चढतो. मधल्या काळात कुत्रा बरा झाला असे वाटते व येथेच फसगत होते. डोळ्यांत व नाकात पिवळसर चिकट स्राव, हगवण, नाकाची व पंजाच्या गाद्यांची कातडी जाड होणे ही चिन्हे खोकल्याबरोबर दिसल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. काही कुत्र्यांत छातीचा विकार बरा झाल्यावर कित्येक आठवड्यांनी जबड्याचे चावे, स्नायूंचे ठेक्यात उडणे किंवा पक्षाघात सुरू होतो. खात्रीसाठी नाकाच्या व डोळ्यांच्या स्रावातील व्हायरसाच्या न्यूक्लिइक अम्लाची तपासणी करतात.

उपचार : १९३८ मध्ये सल्फापिरिडीन हे सल्फा औषध मानवी फुप्फुसशोथावर गुणकारी ठरले आणि १९४० नंतर पेनिसिलीन प्रचारात आले. प्रतिजैविकांमुळे ज्या रोगात पूर्वी केवळ वाट पाहावी लागत असे, तेथे प्रथमच थेट उपाय करता येऊ लागला. पुणे जिल्ह्यातच पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व देशात पेनिसिलिनाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

प्रतिजैविके सूक्ष्मजंतूंवर परिणाम करतात, व्हायरसावर नाही. म्हणून डिस्टेंपरमध्ये त्यांचा उपयोग मागाहून आलेला फुप्फुसशोथ रोखण्यापुरता असतो. साध्या खोकल्यात बहुधा त्यांची गरज नसते; जंतुसंसर्गाची चिन्हे असल्यास डॉक्सिसायक्लीन देतात. फुप्फुसशोथात ॲमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनिक अम्ल यांसारखी औषधे पशुवैद्याने वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या मात्रेत व मुदतीत पूर्ण द्यावी लागतात. ताप उतरताच औषध बंद केल्यास रोग उलटतो आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. परिफुप्फुसातील पू सुईने वा नळीने काढल्याखेरीज केवळ औषधाने गुण येत नाही.

शुश्रूषेचे महत्त्व औषधाइतकेच आहे. कुत्र्यास कामावरून सोडवून इतर कुत्र्यांपासून दूर, कोरड्या, वाऱ्याचा झोत न लागणाऱ्या पण हवेशीर जागी ठेवतात. पाणी भरपूर दिल्यास कफ पातळ राहतो. वाफारा देऊन नंतर हाताची ओंजळ करून छातीच्या दोन्ही बाजूंस हलके थोपटल्यास कफ सुटतो. फुप्फुसशोथात खोकला दाबणारी औषधे देत नाहीत, कारण तेथे खोकला हे कफ बाहेर टाकण्याचे साधन असते. खाणे त्याने आपण होऊन चाटावे असे ठेवतात. बळजबरीने पाजणे टाळतात. माणसांसाठीची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव घडवितात व मूत्रपिंडांस अपाय करतात. कांदा पिकविणाऱ्या या प्रदेशात हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे की, कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या कोशिकांचा नाश करतात. त्यामुळे खोकल्यावर त्यांचा रस पाजणे घातक असते.

प्रतिबंध : डिस्टेंपरवर खात्रीचा उपाय लस हाच आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिलाचे पहिले काही आठवडे रक्षण करतात, परंतु तीच लशीलाही निष्प्रभ करतात, असे १९५० नंतरच्या दशकातील संशोधनात आढळून आले. ती प्रतिपिंडे प्रत्येक पिलात निरनिराळ्या वेळी संपतात. म्हणून पिलू सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली मात्रा देऊन सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा देतात. त्यानंतर वर्षाने व पुढे सामान्यतः तीन वर्षांनी पुनर्मात्रा देतात. लस सतत थंड ठेवावी लागते. एका जागी न राहणाऱ्या मेंढपाळाच्या बाबतीत ठरलेल्या दिवशी दवाखान्यात पिलू आणणे आणि वाटेत लशीचा थंडावा टिकविणे या दोन्ही गोष्टी कठीण असतात. डिस्टेंपरचा व्हायरस शरीराबाहेर उन्हात व साध्या जंतुनाशकांनी लवकर नष्ट होत असल्याने आजारी कुत्र्याची जागा व भांडी स्वच्छ करणे हा सोपा व उपयुक्त उपाय आहे.

वन्य प्राण्यांशी संबंध : उसाच्या शेतांत आसरा मिळाल्याने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बिबट्यांचा वावर मोठा आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेच्या परीक्षणावरून केलेल्या अभ्यासात त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के असल्याचे आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के असल्याचे दिसून आले. बिबट्यापासून गोठ्याचे रक्षण करणारा कुत्रा हाच अशा प्रकारे त्याचा प्रमुख आहार ठरतो. आजारी, मंदावलेला कुत्रा तर त्याच्या हाती अधिकच सहज लागतो.

डिस्टेंपरचा व्हायरस केवळ कुत्र्यांपुरता मर्यादित नाही. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटी येथे त्याच्या साथीत सु. एक तृतीयांश सिंह दगावले. गुजरातमधील गीर येथे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले. त्यांतील काहींना डिस्टेंपरचा संसर्ग झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निश्चित केले. दोन्ही घटनांनंतर परिसरातील कुत्र्यांच्या लसीकरणाकडे लक्ष वेधले गेले. मात्र सेरेंगेटीतील पुढील अभ्यासात, गावांतील कुत्र्यांना लस टोचल्यानंतरही व्हायरस इतर वन्य प्राण्यांत टिकून राहतो असे आढळले. म्हणजेच कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक असले, तरी एकदा रानात स्थिरावलेला संसर्ग केवळ त्याने निघून जात नाही. साथ येण्यापूर्वी केलेल्या लसीकरणाचे मोल यावरून कळून येते.

कुत्र्यांच्या छातीच्या रोगांचे कारण आज निश्चित झाले आहे, लस सिद्ध झाली आहे आणि प्रतिजैविके तालुक्याच्या गावी मिळतात. ब्रिटनमधील शिकारी ताफ्यांसाठी ज्या रोगावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी मात करण्यात आली, तो आळे व आसपासच्या वस्त्यांवरील आणि वाघरीबाहेरील कुत्र्यांना अद्याप होऊ शकतो तो ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर त्या ज्ञानाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था अपुरी असल्यामुळे होय. अलर्काची लस टोचण्यासाठी कुत्रा पकडला जातो, त्याच वेळी त्यास डिस्टेंपरची लसही देणे हा या दिशेने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.